लढाई परक्याची, माणूस आपला

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. रात्रीचे अकरा वाजले होते. मी पुण्यातल्या खोलीवर, कानात हेडफोन, समोर अमेरिकेतल्या क्लायंटबरोबरचा कॉल. तेवढ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ आली. पाठवणारा माझा चुलतभाऊ, माझ्याहून पाच वर्षांनी लहान, गावी कर्जतला असतो. खाली एकच ओळ होती, ‘दादा, बघून सांग, खरंय का हे.’

कर्जत म्हटलं की पुण्या-मुंबईची माणसं लोकल जाते ते कर्जत समजतात. आमचं ते नव्हे. आमचं नगर जिल्ह्यातलं. सिद्धटेकचा गणपती, राशीनची यमाई, रेहेकुरीची काळवीटं आणि कुकडीच्या आवर्तनाची वाट बघत बसलेली शेतं, असं आमचं कर्जत. उजाडायच्या आत रस्त्यावर आलात तर धावणारी पोरं दिसतात. कोणाच्या पायात बूट, कोणाच्या नाही. सगळ्यांना भरती व्हायचंय. माझा भाऊ तीन वर्षं त्या घोळक्यात होता. एकदा मैदान निघालं आणि मेडिकलला बाद झाला. एकदा लेखीत गेला. मग वय उलटलं.

आता ही पीडीएफ. परदेशात ‘सिक्युरिटी हेल्पर’. पगार महिन्याला दोन लाखांच्या घरात. राहणं-खाणं कंपनीचं. ‘बेसिक ट्रेनिंग’ तिकडे गेल्यावर. आधी दीड लाख भरायचे. पहिल्या पानावर देशाचं नाव नव्हतं, दुसऱ्यावर होतं. ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. भारतातून अशाच नोकऱ्यांच्या आमिषाने गेलेली मुलं रशियाच्या सैन्यात पोचली आणि युक्रेनच्या आघाडीवर उभी केली गेली, या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलेला आकडा १२६ जणांचा होता. त्यांतले १२ तोपर्यंत मेले होते.

कॉल संपल्यावर मी त्याला फोन लावला. म्हणालो, “अजिबात जायचं नाही. ती आपली लढाई नाही.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आन् तू आत्ता कुनाचं काम करत होता, दादा?”

माझ्याकडे उत्तर होतं. कोड लिहिताना कोणी मरत नाही, कोणाला मारावं लागत नाही. पण हे उत्तर धोक्याबद्दलचं होतं आणि त्याचा प्रश्न धोक्याबद्दल नव्हताच. माणसाने परक्यासाठी राबणं आणि परक्यासाठी लढणं यांच्यात नैतिक फरक नेमका कुठे पडतो, हे तो विचारत होता. ते मला सांगता आलं नाही. त्या रात्री मी झोपलो नाही. आमच्याकडचा कोणी असा परमुलखात लढायला गेला होता का, हे फोनवर शोधत बसलो. आणि मला नामदेव जाधव सापडले.

*

सातवीत असताना आमची सहल नगरला गेली होती. नगरच्या प्रत्येक शाळेची सहल तिथे जाते. रणगाडा संग्रहालयात आम्ही जुन्या रणगाड्यांना हात लावून पाहिले आणि मग भुईकोट किल्ल्यात गेलो. ऑगस्ट १९४२ मध्ये नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव आणि काँग्रेस कार्यकारिणीतल्या इतरांना इंग्रजांनी इथे आणून कोंडलं. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहिलं, १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत. गुरुजींनी हे सगळं सांगितलं. आम्ही खोलीत डोकावलो आणि बाहेर येऊन डबे उघडले.

नेहरू या किल्ल्यात बंद होते त्याच काळात, याच जिल्ह्यातल्या निमज गावचा एक तरुण ज्यांनी नेहरूंना कोंडलं त्यांच्याच सैन्यात होता, हे मात्र कोणी सांगितलं नाही. नामदेव जाधव, जन्म नोव्हेंबर १९२१, मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमधले शिपाई. मार्च १९४५ च्या अखेरीस नेहरूंना नगरहून हलवण्यात आलं. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, ९ एप्रिल १९४५ ला, जाधव उत्तर इटलीतल्या सेनिओ नावाच्या नदीत छातीभर पाण्यात उभे होते. वय तेवीस.

सेनिओ फार मोठी नदी नाही. पण पुराचं पाणी शेतात शिरू नये म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना मातीचे उंच बांध घातलेत. जर्मनांनी त्या बांधांत मशीनगनची ठाणी केली होती आणि बांधावर सुरुंग पेरले होते. इटलीतली शेवटची मोठी चढाई त्या दिवशी सुरू झाली. आठव्या भारतीय डिव्हिजनला नदी ओलांडायची होती. जाधव कंपनीचे रनर होते. म्हणजे निरोप पोचवणारा, कंपनी कमांडरच्या मागेमागे राहणारा माणूस. त्या दिवसांत वायरलेस बंद पडला की रनर हाच कंपनीचा आवाज.

ते पाण्यात असतानाच मागच्या बांधावरून गोळीबार सुरू झाला. कमांडर आणि आणखी दोघे जखमी झाले. त्या छोट्या तुकडीतले बाकीचे सगळे मेले, जाधव सोडून. जाधवांनी एका जखमीला उचललं, खोल पाण्यातून, बांधाच्या उभ्या चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेऊन ठेवलं. मग परत गेले आणि दुसऱ्याला आणलं. दोन्ही वेळा वरून उखळी तोफांचा आणि मशीनगनचा मारा चालू होता.

मग ते तिसऱ्यांदा गेले. या वेळी मशीनगन बंद करायला. पहिलं ठाणं टॉमीगनने शांत केलं. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना. ती टाकून दिली आणि हातबॉम्ब घेऊन आणखी दोन ठाणी उडवली. मधे हातबॉम्ब संपले तेव्हा बांधाच्या माथ्यापर्यंत सरपटत जाऊन पलीकडच्या साथीदारांकडून आणखी घेतले. सगळ्या मशीनगन गप्प झाल्यावर ते बांधावर उघड्यावर उभे राहिले आणि मराठ्यांची युद्धघोषणा देत उरलेल्या कंपन्यांना हाताने ‘या’ म्हणून बोलावू लागले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे ते हवालदार झाले. १९८४ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं.

मराठा रेजिमेंटची घोषणा म्हणजे शिवरायांचा जयजयकार. तो जयजयकार इटलीतल्या एका बांधावर, ज्यांनी १८१८ मध्ये मराठ्यांचं राज्य बुडवलं त्यांच्या राजाच्या सैन्यातून, जर्मनांच्या तोंडावर झाला. याची रील केली तर लाखभर व्ह्यू सहज मिळतील. खाली कमेंट दोनच प्रकारच्या येतील. ‘अंगावर काटा आला’ आणि ‘इंग्रजांचे गुलाम’.

मला दोन्ही पुरत नाहीत.

*

‘गुलाम’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो हलका नाही. १९४२ मध्ये देशात दुसरा रस्ता होता. नगरचेच अच्युत पटवर्धन भूमिगत होऊन चळवळ चालवत होते. साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहत होतं. सातारा म्हणजे लष्करभरतीचा जुना जिल्हा. एकाच जिल्ह्यातले काही तरुण इंग्रजांचे पोलीस चुकवत रानोमाळ हिंडत होते आणि काही इंग्रजांच्या गणवेशात जहाजावर चढत होते. १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसं भुकेने मेली, त्याच सरकारच्या राज्यात. अशा सरकारसाठी शौर्य गाजवणं हे शौर्य कसं?

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. सेनिओच्या पलीकडच्या बांधावर जे होते ते हिटलरचं सैन्य होतं. फॅसिझम हरला पाहिजे, हे किल्ल्यात बंद असलेल्या नेहरूंनाही मान्य होतं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की गुलाम देशाने दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी लढावं हे बरोबर नाही, आधी आम्हाला मोकळं करा. म्हणजे गंमत पाहा. फॅसिझमविरुद्ध मत असलेला माणूस नगरच्या किल्ल्यात बंद होता, आणि नगर जिल्ह्यातला शेतकऱ्यांच्या गावचा एक शिपाई फॅसिझमविरुद्ध प्रत्यक्ष लढत होता. लढाई न्याय्य, पण मालक अन्यायी. अशा वेळी शिपायाच्या खात्यात काय मांडायचं?

तत्त्वज्ञांनी यावर पुष्कळ लिहिलंय. अमेरिकेतले मायकल वॉल्झर यांचं ‘जस्ट अँड अनजस्ट वॉर्स’ १९७७ मध्ये आलं. त्यांचं साधारण म्हणणं असं की युद्ध सुरू करण्याची जबाबदारी राज्यकर्त्यांची. शिपायाला आपण फक्त इतकंच विचारू शकतो की युद्धात तो कसा वागला. जेफ मॅकमहान यांनी २००९ च्या ‘किलिंग इन वॉर’मध्ये याला विरोध केला. गणवेश घातला म्हणून माणूस जबाबदारीतून सुटत नाही. आपण ज्या बाजूने मारतोय ती बाजू बरोबर आहे का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारलं पाहिजे.

मला आधी मॅकमहान पटले. मी ज्या पिढीतला आहे तिला ‘ऑर्डर होती’ हे उत्तर आवडत नाही. पण मग लक्षात आलं की मॅकमहानचा प्रश्न विचारायला माणसाकडे दोन गोष्टी लागतात. जगात काय चाललंय याची माहिती आणि ‘नाही’ म्हणायची ऐपत. माझ्याकडे दोन्ही आहेत. उद्या माझ्या कंपनीने मला पटणार नाही असं काम दिलं तर मी राजीनामा देऊन तीन महिने घरी बसू शकतो. तरी आजवर मी एकदाही दिलेला नाही. आणि मी १९४५ मधल्या शिपायाला विचारतोय की तू का नाही दिलास.

*

दुसऱ्या महायुद्धातलं भारतीय सैन्य जवळजवळ २५ लाखांचं होतं. सक्तीची भरती न करता उभं केलेलं जगातलं सगळ्यात मोठं सैन्य, असं त्याचं वर्णन केलं जातं. सगळे ‘स्वेच्छेने’ आलेले.

स्वेच्छा हा शब्द कर्जतमध्ये बसून वाचून पाहा. आमच्या भागातून दर दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल फिटेपर्यंत कारखान्याच्या फडात राहायचं. पोरं सोबत, म्हातारी माणसं मागे घरात. त्यांना कोणी पकडून नेत नाही. ते स्वेच्छेनेच ट्रॅक्टरमध्ये चढतात. पण आमच्याकडे कोणी याला स्वेच्छा म्हणत नाही. ‘जावं लागतं’ म्हणतात. मराठीत ‘जातो’ आणि ‘जावं लागतं’ यांत जेवढं अंतर आहे, तेवढंच ‘भरती झाला’ या दोन शब्दांच्या पोटात दडलेलं असतं. पहिल्या महायुद्धात शिपायाचा पगार महिन्याला ११ रुपये होता. कोरडवाहू शेतीच्या गावात दर महिन्याला न चुकता येणारे ११ रुपये. पाऊस पडो न पडो.

तरी सगळं पोटावर ढकलणंही बरोबर नाही. तसं करणं म्हणजे गेलेल्या माणसांचं मन हिरावून घेणं. महार समाजाचं उदाहरण घ्या. पेशवाईविरुद्ध लढलेल्या या समाजाची लष्करातली भरती इंग्रजांनी १८९० च्या दशकात बंद केली, कारण त्यांच्या नव्या सिद्धांतात हा समाज ‘लढाऊ’ बसत नव्हता. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी ही भरती पुन्हा सुरू करा म्हणून थेट लंडनच्या भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. १९१७ मध्ये, महायुद्धात माणसं कमी पडू लागल्यावर, १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, गरज संपली, १९२१ मध्ये ती मोडली. महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली ती १९४१ मध्ये, पुढच्या महायुद्धात. गावात ज्याला सार्वजनिक विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, त्याच्यासाठी परक्याच्या सैन्यातला गणवेश हा नुसता पगार नव्हता. तिथे नाव पुकारलं की ‘हजर’ म्हणता येत होतं. त्याला आज मी, आरामखुर्चीत बसून, ‘कोणासाठी लढलास’ असं कोणत्या तोंडाने विचारू?

आपल्याकडे या सगळ्यासाठी एक जुना शब्दप्रयोग आहे, खाल्ल्या मिठाला जागणं. महाभारतात युद्धाच्या सुरुवातीला युधिष्ठिर भीष्मांच्या पाया पडायला जातो. तेव्हा भीष्म सांगतात की माणूस अर्थाचा दास असतो, आणि कौरवांनी मला अर्थाने बांधून ठेवलंय. पांडवांची बाजू बरोबर आहे हे त्यांना ठाऊक असतं आणि तरी ते त्यांच्याविरुद्ध बाण चालवणार असतात. लहानपणी मला हा प्रसंग फार थोर वाटायचा. आता नाही वाटत. भीष्मांपुढे रस्ते होते. ते कुरुकुळातले सर्वांत ज्येष्ठ, सर्वांत बलवान, त्यांना कोण अडवणार होतं? ‘मी मिठाने बांधलो गेलोय’ हे वाक्य ज्याच्या ताटात दुसरं काहीच नाही त्याच्या तोंडी खरं वाटतं. भीष्मांच्या तोंडी ती सबब होते.

म्हणून मला असं वाटू लागलं की ‘कोणाची लढाई’ हा प्रश्न सगळ्यांना सारख्या वजनाने विचारता येत नाही. ज्याच्यापुढे जितके रस्ते, तितका तो प्रश्न जड. सेनापतीला सगळ्यात जड, भरती करणाऱ्याला त्याहून थोडा कमी, शिपायाला सगळ्यात हलका. आपण नेमकं उलटं करतो.

*

मग शिपायाचं स्वतःचं काहीच नाही का? सगळं मालकाचं किंवा दुष्काळाचं?

इथे मी पुन्हा पुन्हा त्या नदीकडे जातो. जाधव नदीत कसे पोचले, यात त्यांच्या हातात फार थोडं होतं. महायुद्ध कोणी सुरू केलं, डिव्हिजन इटलीत कोणी पाठवली, चढाईचा दिवस कोणी ठरवला, काहीच त्यांच्या हातात नव्हतं. पण आजूबाजूचे सगळे पडल्यावर पुढचं मिनिट त्यांचं होतं. त्या मिनिटाला ऑर्डर देणारा कमांडर स्वतः जखमी होता. मागे फिरले असते तर कोणी नाव ठेवलं नसतं. पहिली गोष्ट त्यांनी केली ती जखमी माणसाला उचलायची. दुसरीही तीच. ती साम्राज्यासाठी नव्हती. कोणत्याही बाजूच्या, कोणत्याही काळातल्या माणसाने ती तशीच केली असती तरी तेवढीच मोलाची ठरली असती.

तिसरी खेप वेगळी आहे आणि ती मी गोड करून सांगणार नाही. त्यांच्या सन्मानपत्रात मेलेल्या साथीदारांचा सूड घेण्याचा निर्धार असं कारण दिलंय. त्या तीन ठाण्यांत जी माणसं मेली तीही कुठल्यातरी गावची होती, त्यांतली काही सक्तीने आणलेली असतील. त्यांची ठाणी बंद झाली म्हणून मागच्या कंपन्यांतले कितीतरी मराठी तरुण जिवंत नदी पार करू शकले, हेही खरं. युद्धात चांगलं आणि भयंकर असं एकाच हातून, पाठोपाठ घडतं. शौर्यपदकावर मात्र दोन्हींसाठी एकच शब्द कोरलेला असतो.

*

आता नावांबद्दल. माझं रोजचं काम डेटाबेसचं आहे, म्हणून कदाचित हे मला जास्त टोचलं.

जाधवांचं नाव आपल्याला माहीत आहे कारण त्यांना पदक मिळालं. बाकीच्यांचं काय? महाराष्ट्रातल्या अनेक जुन्या लष्करी गावांत पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी संगमरवरी पाट्या बसवल्या. चावडीत, वेशीत, शाळेच्या भिंतीत त्या अजून दिसतात. या गावातून महायुद्धावर इतकी माणसं गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. दोन आकडे. नाव एकही नाही. साताऱ्याच्या अपशिंग्यातून गेलेले ४६ जण त्या युद्धात मेले, आणि आज त्या गावाला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. गावाच्या नावात मिलिटरी आली, पण मेलेल्यांची नावं किती जणांना सांगता येतील?

हे गावच्या गवंड्याचं विसरणं नव्हतं, हे धोरण होतं. मराठ्यांच्या कितीतरी पलटणी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ असा जवळजवळ पाच महिने तो वेढा चालला, शेवटी घोड्याचं मांस खायची वेळ आली, आणि मग शरणागती. कैदेत पुढे कितीतरी मेले. त्या आघाडीवर ज्यांची थडगी नाहीत त्यांच्यासाठी बसऱ्याला स्मारक उभं केलं. त्यावर इंग्रज सैनिकांची नावं कोरली, भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली, आणि साध्या भारतीय शिपायांची पलटणवार फक्त संख्या लिहिली. ज्या आयोगाने ही स्मारकं बांधली त्यानेच नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये हे मान्य केलं. पहिल्या महायुद्धातल्या किमान १ लाख १६ हजार मृतांची नावानिशी आठवण ठेवलीच गेली नाही, कदाचित हा आकडा साडेतीन लाखांपर्यंत जाईल, असं तो अहवाल म्हणतो. त्यांत आपली माणसं होती, आफ्रिकेतली होती, इजिप्तमधली होती.

आमच्या कामात एखाद्या टेबलातल्या ओळी मोजायच्या असतील तर एका क्वेरीत आकडा मिळतो. मोजायला नाव लागत नाही. नाव फक्त तेव्हा लागतं जेव्हा त्या ओळीतल्या माणसाच्या घरी काहीतरी कळवायचं असतं. तुम्ही आकडा ठेवता आणि नाव पुसता, याचा अर्थ घरी कळवायचं तुमच्या मनातच नाही.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत हे थोडं सुधारलं. इटलीत सुमारे ५० हजार भारतीय लढले. ५,७८२ मेले. त्यांची नावं तिथल्या ४० दफनभूमींत आणि स्मारकांत आहेत. रायगडमधल्या माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे त्यांच्यापैकीच. त्यांचाही जन्म नोव्हेंबर १९२१ चा, जाधवांच्या बरोबरीचा. १० जुलै १९४४ ला इटलीतच, आपली सगळी तुकडी पडल्यावर एकट्याने मशीनगनचं ठाणं घेताना ते गेले. त्यांचं थडगं नाही, पण कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे. जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने घाडग्यांच्या आणि तिथे लढलेल्या भारतीय सैनिकांच्या आठवणीसाठी एक सूर्यघड्याळ उभारलं. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं वाक्य त्यावर आहे. ज्यांच्या गावात जाऊन आपली माणसं मेली, त्यांनी ऐंशी वर्षांनी नाव लक्षात ठेवलं. सातवीच्या सहलीत आम्हाला ते कोणी सांगितलं नव्हतं.

*

एवढं सगळं वाचून मी दुसऱ्या दिवशी भावाला पुन्हा फोन केला. या वेळी ‘आपली लढाई नाही’ असं म्हणालो नाही. त्याने विचारलेल्या प्रश्नाचं माझं उत्तर आता थोडं बदललं होतं. म्हणालो, “मी परक्याचंच काम करतो, तुझं बरोबर आहे. पण माझ्या करारात माझं नाव आहे, काम काय ते लिहिलंय, आणि मी उद्या सोडू शकतो. तू त्या एजंटाला चार गोष्टी विचार. करार मराठीत किंवा हिंदीत मिळेल का. काम नेमकं काय. मधेच सोडून परत येता येईल का. आणि तू तिकडे मेलास तर घरी तात्यांना कोण फोन करणार, त्याचं नाव काय.”

“शेवटचं कशाला विचारायचं?” तो म्हणाला.

“तेच पहिलं विचार.”

त्याने विचारलं. एजंटाने पहिल्या तीन प्रश्नांना ‘तिकडे गेल्यावर कळेल’ असं उत्तर दिलं. चौथ्यावर त्याने मेसेज वाचला, निळ्या टिका आल्या, आणि नंतर तो बोललाच नाही.

भाऊ गेला नाही. हे काही माझं शहाणपण नव्हे. दीड लाख जमले नाहीत हेही एक कारण होतं, आणि ते मी लपवत नाही. आता तो सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात लागलाय. बारा तासांची शिफ्ट, कंत्राटी. महिन्याला मिळतात ते त्या पीडीएफमधल्या आकड्याच्या दहावा हिस्साही नाहीत. तो अजून पहाटे धावतो, पोलीस भरतीची आशा आहे. मी त्याला थांबवलं पण त्याच्यापुढे दुसरा चांगला रस्ता ठेवला नाही, आणि हे आम्हा दोघांनाही कळतं. ज्या समाजाला आपल्या पोरांना परक्याच्या लढाईत जाऊ द्यायचं नाही, त्याने नुसतं ‘जाऊ नको’ म्हणून भागत नाही. रस्ता मोकळा करून द्यावा लागतो. तो न देता मग गेलेल्याला गुलाम म्हणणं सोपं असतं, आणि मेडल आलं की अभिमानाने स्टेटस ठेवणंही.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा आम्ही दोघे गाडीवर सिद्धटेकला गेलो. परतीच्या वाटेवर भीमेच्या पुलाजवळ चहाला थांबलो. मी त्याला सेनिओची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तो पाण्याकडे बघत ऐकत होता. मग म्हणाला, “म्हंजी आधी मानसं आनली, आन् बंदुकी नंतर?”

“हो. दोन खेपा माणसांसाठी. तिसरी बंदुकांसाठी.”

“निमजचाच ना त्यो? आपल्याच जिल्ह्यातला?”

“आपल्याच.”

“मंग आपल्याला शाळेत का नाय सांगितलं?” असं म्हणून त्याने उरलेला चहा संपवला आणि गाडीला किक मारली.